उसनं पाणी

३ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी चालू ठेवा आणि मनात जे साचतं ते रोज लिहून काढा, बीपी उतरेल. म्हणून लेकीची, खुशीची, अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही घेतली आहे. आज साचलेलं एकच आहे. त्याचं नाव मिनल.

सकाळी विश्वनाथ सर तिला घेऊन लॅबमध्ये आले. "कामिनीताई, ही मिनल. पेट्रोलियमचं इंजिनिअरिंग करून आलीय. तुमच्या हाताखाली राहील." पोरीनं सगळ्यांसमोर वाकून माझ्या पाया पडून घेतलं. पहिल्याच दिवशी पाया पडणाऱ्या माणसांपासून मी जरा जपूनच असते.

मग सरांनी नवीन काम सांगितलं. समुद्रात तेलाची विहीर खणतात तेव्हा भोक पाडून झालं की त्यात लोखंडी पाइप सोडतात, आणि पाइपातून सिमेंटचा घोळ ढकलतात. आम्ही त्याला स्लरी म्हणतो. ती खालून वळून पाइप आणि खडक यांच्या मधल्या फटीत चढते. ती घट्ट होईपर्यंत पुढचं खणता येत नाही. सगळी रिग, म्हणजे समुद्रात उभा खणायचा लोखंडी सांगाडा, त्यावरची शंभर माणसं, हेलिकॉप्टर, बोटी, सगळं हातावर हात ठेवून सिमेंट घट्ट व्हायची वाट बघत बसतं. सध्या अठरा तास बसतात. कंपनीला ते नऊवर आणून हवेत. पण एक गोम आहे. ढकलून होईपर्यंत स्लरी पातळच राहिली पाहिजे, कमीत कमी चार तास. आधी पातळ, मग झटकन दगड. अशी रेसिपी इथे नागपूरजवळ बुटीबोरीत बसून आम्ही करायची.

"आणि ज्याची रेसिपी पास होईल, तो ट्रायलला रिगवर जाईल," सर म्हणाले.

चौदा वर्षं झाली मला या लॅबमध्ये. समुद्रातल्या किती विहिरींचं सिमेंट माझ्या हाताखालून गेलं, पण मी एकही रिग बघितलेली नाही. बाबा उमरेडच्या खाणीत होते. खाण बघायची म्हणून लहानपणी मी त्यांच्या मागे लागायची, तर म्हणायचे, "तिथं पोरीसोरीचं काय काम वं?" मी जन्मभर भोकांच्या जिवावर जेवले आणि एकही भोक पाहिलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

या वेळी मी जाणार. लिहूनच ठेवते.

९ एप्रिल, बुधवार

आज ट्रकनं समुद्र आला. म्हणजे रिगवरच्या पाण्याचे दोन मोठे निळे कॅन आणि रिगवरच्याच सिमेंटच्या गोण्या. आमचा नियमच आहे, जे तिथे वापरणार तेच इथे तपासायचं. समुद्रात स्लरी समुद्राच्याच पाण्यात कालवतात, आणि खारं पाणी सिमेंटला घाई करतं. हे मी मिनलला मुद्दाम समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हाव ताई, कॉलेजमंदी होतं." होतं म्हणे. असेल.

एक कॅन काठोकाठ भरलेला होता, दुसरा थोडा कमी. नत्थूजी हातगाडी घेऊन उभे. नत्थूजी म्हणजे आमच्याकडचं वरकाम बघणारे, माझ्याही आधीपासून इथे आहेत. ते भरलेला कॅन मिनलच्या टेबलाकडे न्यायला लागले. मी म्हटलं, "तो माझ्याकडे ठेवा." त्यांनी ठेवला. मिनलचं टेबल कूलरसमोर होतं, तेही मी बदलून घेतलं. ज्येष्ठतेला काही अर्थ असतो की नाही? आता कूलर माझ्या मागे, भरलेला कॅन कूलरच्या शेजारी, आणि बाईसाहेब पत्र्याच्या भिंतीजवळ.

तिनं हसत आपलं सामान उचललं. उलट मला म्हणाली, "बरं झालं ताई, तुमाले बीपी आहे ना." हिला कोणी सांगितलं माझं बीपी?

१५ एप्रिल, मंगळवार

मिनल रोज सकाळी आल्याबरोबर आपल्या कॅनमधलं पाणी तपासते. क्षार किती, हे किती, ते किती. जणू काही पाणी बारावीला बसलंय. रिगचा कॅन म्हणजे रिगचा कॅन. त्यात रोज काय बदलणार? सर शेजारून गेले की मात्र हे जास्त मन लावून चालतं, असं माझं निरीक्षण आहे.

माझी स्लरी अडीच तासांत घट्ट होते. तिची दोन तासांत, वर शिवाय पाणी सुटतं आणि खाली गाळ बसतो. तिचं कुठे चुकतंय ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. स्लरी हलकी राहावी म्हणून आम्ही थोडी माती घालतो, फुगणारी माती. पोरगी ती कोरडीच खाऱ्या पाण्यात टाकते. खाऱ्या पाण्यात ती माती फुगत नाही. ती आधी गोड्या पाण्यात भिजत घालायची असते, साबुदाण्यासारखी. हे कॉलेजमध्ये शिकवत नाहीत. मला महादेवराव सरांनी शिकवलं होतं, निवृत्त व्हायच्या आधी. ही युक्ती मी स्वतःच्या रेसिपीत वापरत नाही, कारण मी मातीच घालत नाही. माझी रीत वेगळी आहे.

तिनं आज विचारलं, "ताई, माझं काही चुकून राहिलं काय?"

मी म्हटलं, "चुकल्याशिवाय कोणी शिकतं काय?"

छान बोलले. बीपी आज ठीक होतं.

२२ एप्रिल, मंगळवार

पंचेचाळीस अंश. बोअर आटली आणि दुपारचा टँकर आलाच नाही. संडासात पाणी नाही, बेसिनला पाणी नाही. नत्थूजींनी मिनलला आणि मला सांगितलं, आज घरून आणलेलं पाणीच जपून प्या. सगळ्या एमआयडीसीचे तेच हाल होते म्हणे. मी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसले. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा नत्थूजी म्हणाले, "मॅडम, तुमी पाच मिनिटं क्यांटीनमंदी बसा. मी बघतो काई जमते का."

परत आले तर कूलर चालू! गार हवा, आणि सोबत बारीक तुषार. सगळ्या इमारतीत फक्त माझ्या कोपऱ्यात गारवा. कुठून आणलं पाणी विचारलं, तर नत्थूजी नुसते हसले. इतकी वर्षं माणसं सांभाळली की माणसंही आपल्याला सांभाळतात. मिनलला अजून कळायचं आहे हे.

संध्याकाळी घरी आले तर चष्म्यावर पांढरे ठिपके. नवऱ्याचं, दुर्गेशचं, सक्करदऱ्यात कूलर-पंख्यांचं दुकान आहे, त्याला असलं लगेच दिसतं. "कोणतं पाणी टाकता वं कूलरमंदी? एवढे क्षार?" बुटीबोरीचं पाणी जडच आहे, मी म्हटलं. ओठही खारट लागत होते. दिवसभराचा घाम, दुसरं काय.

२५ एप्रिल, शुक्रवार

झालं! झालं, झालं, झालं!

परवापासून माझ्या स्लरीनं वळण घेतलं. परवा तीन तासांच्या वर गेली. काल घट्ट करणारी पावडर थोडी वाढवली तरी तीच गत. आज मशीनवर चार तास दहा मिनिटं पातळ, आणि त्यानंतर अशी चढली की नवव्या तासाला साच्यातून दगड निघाला. हातोडीनं वाजवून बघितला, टणटण वाजतो. सोबतच दुसरीही लावली होती. तेच. हात बसला म्हणतात तो हा. शेवटी चौदा वर्षं कुठे जातील?

सर मशीनजवळ येऊन उभे राहिले आणि आलेखाकडे बघत म्हणाले, "मानलं तुम्हाला." मिनल टाळ्या वाजवत होती. तिची आज पुन्हा दोन तासांत गोठली. टाळ्या वाजवताना तिचं लक्ष आलेखावर होतं, माझ्याकडे नव्हतं. जळते. मला ओळखू येतं.

येताना सगळ्यांसाठी पाटवडी आणली घरी.

२ मे, शुक्रवार

माझं नाव गेलं. रिगवर मी! ट्रायल सत्तावीस तारखेला. मिनल राखीव, म्हणजे माझं काही झालं तर. माझं काही होणार नाही.

आज मापाचे बूट मिळाले, पुढे लोखंडी टोप असलेले. घरात घालून फिरले. दुर्गेश म्हणाला, "आता किचनमंदी हेच घालून येशीन काय?" घालीन. माझे बूट आहेत.

९ मे, शुक्रवार

पनवेलकडच्या ट्रेनिंगहून आज मी आणि मिनल परत आलो. हेलिकॉप्टर समुद्रात पडलं तर बाहेर कसं यायचं, ते शिकवतात. खोटं हेलिकॉप्टर तलावात बुडवतात, उलटं करतात, आणि आपण पट्टा सोडून खिडकीतून बाहेर यायचं. मला पोहता येत नाही. सक्करदऱ्याच्या तलावाच्या काठावर आयुष्य गेलं, पण पायाचा अंगठासुद्धा कधी त्यात बुडवला नाही.

पहिल्या दोन वेळा नीट झालं. तिसऱ्या वेळी उलटं केल्यावर पट्ट्याची कडीच सापडेना. नाकात पाणी, कानात पाणी, वर कुठे खाली कुठे कळेना. तेवढ्यात कोणीतरी माझी कडी सोडली आणि दंडाला धरून मला खिडकीतून ढकललं. वर आले तर मिनल. शेजारच्या सीटवर होती. स्वतः माझ्या नंतर बाहेर आली.

हे तिनं काहून केलं? शिकवणाऱ्यांसमोर शहाणपणा दाखवायला. मी आता सोडवतच होते. परतीच्या गाडीत रात्रभर ती माझी बॅग पायाशी घेऊन बसली होती, तेही मला आवडलं नाही. सर्टिफिकेट दोघींना मिळालं.

१४ मे, बुधवार

चोर पकडला.

आज जेवणाची सुट्टी लवकर संपवून आले तर मिनलच्या मशीनवर माझी रेसिपी! सगळी प्रमाणं माझी. मी दारातच ओरडले, "काहून वं, माझी रेसिपी तुझ्या मशीनवर कशी?"

ती दचकली. "ताई, मी सांगणारच होती. तुमची रेसिपी माझ्याकडे दीड तासात घट्ट होऊन राहिली. तीनदा लावली. म्हणून म्हटलं, एकदा तुमच्या कॅनमधलं पाणी घेऊन—"

"माझ्या कॅनला हात लावायचा नाही."

"सरांले काई नाई सांगितलं मी. आपण दोघीच बघून घेऊ ना. पाण्यातच काहीतरी—"

"तुझ्या हातात काहीतरी आहे. नाचता येईना अंगण वाकडं." नत्थूजी शेजारी फरशी पुसत होते, त्यांच्यादेखत बोलले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे. माझ्या चौदा वर्षांवर डोळा ठेवते आणि वर सरांना न सांगण्याचे उपकार करते!

१५ मे, गुरुवार

दुर्गेशला सगळं सांगितलं. वाटलं, माझ्या बाजूनं बोलेल. कैरीचं पन्हं पीत म्हणतो, "तुलेच जलन होऊन राहिली वं."

मला! जलन! तिची रेसिपी बिघडलेली, माझी पास झालेली, रिगवर मी चालले, आणि जलन मला?

तो म्हणाला, "मंग तिचं पाणी का तुझं पाणी, एकदा पाहून घेतलं तं तुझं काय जाते?"

मी त्याला जेवायला वाढलं आणि भांडी घासायला घेतली.

१९ मे, सोमवार

काय लिहू?

आज मिनल सुट्टीवर होती, उमरेडला मावशीकडे कसला तरी कार्यक्रम. लॅबमध्ये मी एकटी. मनातून दुर्गेशचं वाक्य जात नव्हतं. त्याला खोटं पाडायला म्हणून, फक्त त्यासाठी, कॅनचं झाकण उघडलं आणि बोट बुडवून जिभेवर लावलं.

गोडं पाणी. आमच्या बोअरचं, तेच जड, तेच कडसर. रोज हात धुते त्या पाण्याची चव मला कळणार नाही?

मिनलच्या कॅनमध्ये बोट घातलं. तोंड वाकडं झालं, इतकं खारट.

नत्थूजींना बोलावलं. मी विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला, जणू त्यांच्या प्रामाणिकपणाची कोणी तरी दखल घेतली. "हाव मॅडम! त्या दिवशी टँकर नोता ना आला. तुमाले चक्कर येऊन राहिली होती. मंग तुमच्या बाजूच्याच डब्यातलं सगळं पाणी टाकलं कूलरमंदी. पण दुसऱ्या दिवशी बोअरले पाणी आलं तं भरून ठेवलं जी, जसंच्या तसं. उसनं घेतलेलं ठेवून घ्यायचं नाई. एक थेंब कमी नाई."

खरंच एक थेंब कमी ठेवला नव्हता त्यांनी. होता तेवढाच भरून ठेवला होता. मी मुद्दाम मागून घेतलेला, भरलेला, कूलरशेजारी ठेवलेला माझा समुद्र. चष्म्यावरचे पांढरे ठिपके तोच समुद्र होता. मी तो ओठांवरून चाटून घामाचा म्हणून सोडून दिला.

म्हणजे बावीस तारखेनंतर माझा हात बसलाच नव्हता. गोड्या पाण्याला घाई नसते, एवढंच. ती रेसिपी रिगवर खाऱ्या पाण्यात कालवली असती तर दीड तासात पाइपातच दगड झाला असता. पाइप गेला, भोक गेलं, नऊ तास वाचवायला गेलो आणि महिना घालवला. आणि वर मी उभी, नवे बूट घालून.

घरी येऊन ही वही घेऊन बसले. दोन वाटा आहेत. एक म्हणजे सरांना सांगायचं की नत्थूजींनी पाणी बदललं. खोटं नाही ते. पण नत्थूजी कंत्राटी आहेत, संध्याकाळपर्यंत त्यांचा गेटपास जमा होईल, आणि माझं फक्त नशीब वाईट ठरेल. मग नवीन कॅन मागवू, दिवस थोडे आहेत पण माझं नाव तसंच राहील. ही वाट मला फार आवडली आहे. चांगला तासभर मी तिच्यावर चालले.

दुसरी वाट लिहायची सुद्धा इच्छा नाही.

२० मे, मंगळवार

दुसरी वाट.

सरांना म्हटलं, "माझ्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी नव्हतं. बोअरचं होतं. माझे सगळे निकाल खोटे आहेत."

"कॅनमध्ये बोअरचं पाणी आलं कुठून?"

"कॅन माझ्या टेबलाजवळ होता. मी एकदाही तपासला नाही. मिनल रोज तपासत होती."

नत्थूजी दाराबाहेरच होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

सरांनी माझे आलेख पुढे ओढून पानं उलटली. मला वाटत होतं ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "पाणी न तपासणारा माणूस मी रिगवर नाही पाठवू शकत, कामिनीताई." मी हो म्हटलं. "ट्रायल पुढे ढकलली तर काम दुसऱ्या लॅबला जाईल. मिनलची रेसिपी तीन दिवसांत होईल का?"

आता बघा. ती होणार की नाही हे फक्त मला माहीत होतं. महिनाभर माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर कोणीच गेलं नसतं, ना ती, ना मी. माझ्या तोंडात "नाही" आलंच होतं. मला तेव्हा ते अगदी योग्य उत्तर वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

"होईल," मी म्हटलं.

२१ मे, बुधवार

मिनलला माती भिजवायला शिकवलं. गोड्या पाण्यात आधी, नीट फुगली की मग खारं पाणी, मग सिमेंट. भांड्यात माती फुगून लोण्यासारखी झाली तेव्हा ती बघतच राहिली.

"ताई, हे तुमाले पयलेपासून ठाऊक होतं?"

"हो."

मी वाट बघत होते. काही तरी बोलेल, निदान तोंड फिरवेल. माझी उत्तरं तयार होती, मला बीपी आहे, मला चौदा वर्षं झाली, तू विचारलंच कुठे नीट. ती भांड्यात चमचा फिरवत राहिली. मग म्हणाली, "साबुदाण्याइतकी भिजवू का त्याहून जास्त?"

"त्याहून जास्त," मी म्हटलं.

माझी घट्ट करणारी पावडर आणि तिची माती एकत्र केली. पहिल्या वेळी तीन तास वीस मिनिटं. वर पाण्याचा थेंब सुटला नाही.

२३ मे, शुक्रवार

चार तास पाच मिनिटं. नऊ तासांत दगड. तीनदा लावली, तीनदा तेच. पाणी प्रत्येक वेळी दोघींनी तपासलं. रिपोर्टवर तिनं माझं नाव आधी लिहिलं. मी खोडून खाली घातलं. तिनं पुन्हा वर लिहिलं. शेवटी सरांनी दोघींना कागद ठेवा आणि जा म्हणून सांगितलं.

२४ मे, शनिवार

ती संध्याकाळी निघाली. रिगच्या बुटांचं माप वेळेवर मिळालं नव्हतं, म्हणून माझे दिले. मनात म्हटलं, घट्ट होतील, किंवा सैल होतील. तिनं घातले, दोन पावलं चालली. बसले. तेही बसले.

ऊन बाधू नये म्हणून कांदा दिला खिशात ठेवायला. समुद्रावर लू नसते हे मला माहीत आहे. द्यायला दुसरं काही सुचलं नाही.

ती पाया पडायला वाकली तेव्हा या वेळी मी तिला वर उठवलं, पण मन स्वच्छ होतं असं नाही. दंडाला धरून उठवताना आठवलं, असाच माझा दंड धरून तिनं मला पाण्याबाहेर ढकललं होतं. मी त्याला शहाणपणा म्हणाले होते.

२८ मे, बुधवार

दुपारी फोन आला. मागे इतका वारा की अर्धं ऐकू येईना.

"ताई! झालं! नऊ तासांत पुढचं ड्रिलिंग चालू केलं त्यांनी! इथले साहेब म्हणून राहिले, नागपूरहून आले का तुमी, तिथं तं समुद्र नाही!"

"वर पाणी सुटलं का?"

"एक थेंब नाही."

"माती किती वेळ भिजवली?"

"तुमी सांगितली तेवढी." मग, "ताई, तुमचे बूट घालून सगळा डेक फिरली. भोक पण पाह्यलं वरून. काळं आहे नुसतं, काहीच दिसत नाही."

"बूट घासू नको जास्त," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि कॅन्टीनच्या मागे जाऊन रडले. कोणी विचारलं असतं तर आनंदानं म्हणाले असते. आनंदानं नव्हतं. मला तिथे उभं राहायचं होतं. मला ते काळं, काहीच न दिसणारं भोक बघायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी खरं लिहायला सांगितलंय म्हणून लिहिते, पोरगी चांगली आहे आणि मी तिच्यावर पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत जळते. दुर्गेश बरोबर होता. त्याला सांगणार नाही.

१० जून, मंगळवार

मिनल कालच परत आली. चेहरा रापलाय, बोलणं जरा वाढलंय. बूट तिनं पॉलिश करून दिले. माझ्या पायात आता थोडे सैल होतात.

आज ट्रकनं सामान आलं. नवीन ट्रायलचे दोन कॅन, आणि तिसरा एक छोटा, त्याच्यावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला कागद. "कामिनीताईंचा समुद्र. टेस्टिंगसाठी नाही. कूलरसाठीही नाही."

सगळी लॅब हसली, कूलरचं खरं मात्र मी फक्त मिनलच्याच कानावर घातलं होतं. नत्थूजी सगळ्यात जास्त हसले. त्यांना पुरतं कळलेलं नाही, आणि कळायची गरजही नाही. मिनल माझ्याकडे बघत होती, मी रागावते की काय म्हणून. रागावले होतेच थोडी. मी इतकी वर्षं ज्या पाण्यावर काम केलं ते ही पोर मला डब्यात घालून भेट देते!

जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर नत्थूजींकडून सिमेंट कालवायचं एक मोठं घमेलं धुऊन घेतलं. खुर्ची ओढून घेतली, चपला काढल्या, कॅन उघडून पाणी घमेल्यात ओतलं. थोडा तेलकट वास येत होता, तळाला बारीक वाळू होती.

पाय बुडवायच्या आधी एक थेंब जिभेवर ठेवून बघितला. खारं होतं.